शंभरातले नव्वद शब्द

प्रज्ञा भिंगारदिवे मेंदूवर काम करते हे मिरजगावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ती नेमकं काय करते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सुट्टीला घरी आली की कुणी अर्धं डोकं दुखतं म्हणून दाखवायला यायचं, कुणी पोराच्या फिटचे कागद घेऊन यायचं. "मी ती डॉक्टर नाही हो," असं सांगून सांगून ती थकली. तिचे वडील जालिंदर यांचं एसटी स्टँडसमोर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ते गिऱ्हाइकाला हातातलं काम न थांबवता सांगायचे, "आमची पोरगी डोक्यातली वायरिंग बघती." प्रज्ञाच्या कामाचं याहून सोपं वर्णन पुढे तिला कुठल्या परिषदेतही ऐकायला मिळालं नाही.

नगरला बीएस्सी, पुण्याला एमएस्सी, मग बंगळूरला पीएचडी. तिच्या वस्तीतून एवढं शिकलेली ती पहिलीच. बंगळूरला पाच-सहा वर्षं तिनं उंदरांच्या मेंदूत केसाहून बारीक तारा घालून त्यांच्या पायांच्या हालचाली ओळखल्या. तिथून ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात गेली. तिथे माणसं होती. ज्यांचं सगळं शरीर गेलंय पण डोकं शाबूत आहे अशी माणसं. त्यांच्या कवटीखाली, मेंदूच्या ज्या भागातून जिभेला आणि ओठांना हुकूम सुटतात तिथे, एक पातळ पट्टी बसवायची. माणसानं बोलायचा प्रयत्न करायचा. जीभ हलत नाही, पण हुकूम सुटतो. पट्टीनं तो टिपायचा, संगणकानं ओळखायचा आणि स्पीकरमधून शब्द बाहेर यायचा. ग्राझमध्ये एक म्हातारा सुतार तीन वर्षांनी पहिल्यांदा बायकोशी बोलला, तेव्हा सगळी प्रयोगशाळा रडली होती. प्रज्ञाही रडली. पण रडताना तिच्या मनात आलं, हा जर्मनमध्ये बोलला. मराठीत कोण बोलणार?

तिथल्या लोकांनी तिला परोपरीनं समजावलं. परत जाऊ नकोस, तिकडे पैसा नाही, नियम नाहीत, असलेले कुणी पाळत नाही. ती परत आली. बंगळूरच्या एका नव्या कंपनीनं तिच्या कामात पैसे घालायचं कबूल केलं होतं. कंपनीचा प्रमुख पार्थ तिशीतला, पुण्यात वाढलेला, गोड बोलणारा. "मॅम, भारतीय भाषेत बोलणारा पहिला मेंदू आपला असणार," असं तो पहिल्याच भेटीत म्हणाला. मेंदू आपला, हे तिला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण चाळिशी जवळ आली होती आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला हवं ते करायला देत होतं.

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयानं शस्त्रक्रियेची जबाबदारी घेतली. आता पेशंट हवा होता. नगरच्या एका डॉक्टरनं काष्टीच्या चांगुणाबाईचं नाव सांगितलं.

चांगुणाबाई बेचाळीस वर्षांची. काष्टीच्या बाजारात शेळ्यांचा धंदा करायची. गडीमाणसांच्या त्या बाजारात तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा असं सगळे सांगायचे. शेळीचा दात बघून वय सांगायची, व्यापाऱ्याचा चेहरा बघून त्याच्या खिशातलं सांगायची. एका सकाळी दारात शेळ्या सोडताना ती कोसळली. मानेच्या वर, मेंदूच्या देठात रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला, पण हात, पाय, जीभ, मान, सगळं गेलं. डोळे तेवढे वर-खाली व्हायचे. नगरच्या दवाखान्यानं दोन महिन्यांनी सांगितलं, घरी न्या. गाव धरून चाललं की बाई नुसता श्वास घेतीय, बाकी काही उरलं नाही. तिला सगळं कळतंय हे पहिल्यांदा ओळखलं ते सासूनं, भामाबाईनं. एका दुपारी सून झोपलीय असं समजून ती तिच्या माहेराबद्दल काहीबाही बोलली, आणि सुनेच्या डोळ्यांतून पाणी आलं.

प्रज्ञा पहिल्यांदा काष्टीला गेली तेव्हा खाट पुढच्या खोलीत होती. तिनं चांगुणाबाईच्या डोळ्यांसमोर तोंड येईल असं बसून सगळं सांगितलं. डोकं उघडावं लागेल. धोका आहे. जमेलच असं नाही. होकार असेल तर वर बघा, नसेल तर खाली. चांगुणाबाईनं वर बघितलं. प्रज्ञा पुन्हा आली, पुन्हा विचारलं. पुन्हा वर. तिसऱ्या खेपेला असल्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या रुग्णालयाच्या समितीचे दोघे जण तिच्याबरोबर होते. त्यांच्यासमोर चांगुणाबाईनं एवढ्या जोरात वर बघितलं की नुसतं पांढरं दिसायला लागलं. समितीनं तो होकार मान्य केला. नवरा कानिफनाथ यानंही सही केली.

शस्त्रक्रिया नीट झाली. डोक्याच्या डाव्या बाजूला, केसांतून, बाटलीच्या बुचाएवढं एक सॉकेट बाहेर राहिलं. त्यात वायर जोडायची. पुण्यात तीन-चार महिने काढून मग सगळं सामान काष्टीलाच आणलं. प्रज्ञा श्रीगोंद्यात खोली घेऊन राहिली.

पहिले काही महिने यंत्र चांगुणाबाईचं नव्हे, भलत्याच कुणाचं बोलायचं. कंपनीनं त्याला मराठी शिकवली होती ती वर्तमानपत्रांतली. चांगुणाबाई मनातून ‘न्हाई’ म्हणायची, यंत्र म्हणायचं ‘नदी’. ती ‘हाय’ म्हणायची, यंत्र ‘हार’ म्हणायचं. कधी सगळं जुळून आलंच तर सरावातलं तिचं साधं वाक्य बातमीसारखं ऐकू यायचं. "मला पाणी देण्यात यावे," असं यंत्र एकदा म्हणालं, तेव्हा भामाबाई हसता हसता खाली बसली आणि चांगुणाबाईच्या डोळ्यांत संताप मावेना.

प्रज्ञानं मग वेगळा रस्ता धरला. बाजाराच्या दिवशी ती शेळ्यांच्या बाजारात, कडेच्या भाजीवाल्या बायांजवळ, रेकॉर्डर घेऊन बसू लागली. बाया भांडत, भाव करत, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत, आणि ते सगळं ती टिपून घेई. रात्रंदिवस बसून तिनं तो सगळा आवाज यंत्राला शिकवला. हाय, न्हाई, व्हय, गेल्ती, आल्ती. हळूहळू यंत्र काष्टीचं झालं. वर्षभरात ते शंभरातले नव्वद शब्द बरोबर ओळखू लागलं. जगात तेव्हा एवढं कमीच लोकांना जमलं होतं. प्रज्ञानं त्यावर शोधनिबंध लिहिला. त्यात नव्वद बरोबर येतात हे लिहिलं, आणि दहा चुकतात हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिलं. ती तशीच शिकली होती.

सरावापलीकडचं पहिलं मोकळं वाक्य टिपायला पार्थ कॅमेरावाले घेऊन आला. त्याच्या मनात काय होतं ते त्यानं लपवलं नाही. "काहीतरी छान बोलतील, मॅम. आभार वगैरे." घरातले सगळे धुतलेले कपडे घालून उभे राहिले. यंत्रातून आवाज आला, सावकाश, एकेक शब्द सुटा.

"माझ्या शेळ्या कुठं हायती?"

कानिफनाथनं खाली बघितलं. शेळ्या कधीच्याच विकल्या होत्या. "आगं, बघायला कोन हुतं?" तो पुटपुटला. यंत्रातून पुढे जे आलं ते कॅमेऱ्यासमोर ठेवण्यासारखं नव्हतं. पार्थनं नंतर दुसऱ्या दिवशीचं एक वाक्य वापरलं. "आज बरं वाटतंय." तेच जगभर फिरलं.

ते सात-आठ महिने प्रज्ञाच्या आयुष्यातले सर्वांत चांगले. चांगुणाबाई सकाळी वायर जोडली की सुरू व्हायची. आल्यागेल्याच्या चहात साखर कमी घालू नका. दाराची कडी लावा. त्या गवळ्याला पुन्हा दारात उभं करू नका. भामाबाई शेजारणींना सांगायची, "रोज शिव्या देती मला. लई बरं वाटतं बगा. घर मुकं हुतं." एकदा चांगुणाबाईनं प्रज्ञाला विचारलं, "बाई, तुमचं लग्न का न्हाई झालं?" प्रज्ञा म्हणाली, "वेळ नाही मिळाला." यंत्र म्हणालं, "माझं झालं, पर काय फरक पडला?" त्या दिवशी दोघी हसल्या. म्हणजे प्रज्ञा हसली, आणि चांगुणाबाईचे डोळे हसले.

मग एका दुपारी, घरात गडीमाणूस नसताना, चांगुणाबाई म्हणाली, "माझा सातबारा बगा."

चांगुणाबाईला भाऊ नव्हता. वडिलांनी मरताना दौंड रस्त्याकडेची आपली दोन एकर जमीन तिच्या नावावर केली होती. तेव्हा ते कोरडं माळरान होतं. आता रस्ता रुंद झाला होता आणि दोन्ही बाजूंना प्लॉटच्या पाट्या लागल्या होत्या. प्रज्ञानं मोबाईलवर गट नंबर टाकून सातबारा उघडला. वर नाव होतं कानिफनाथचं. खाली बक्षीसपत्राचा फेरफार होता. तारीख शस्त्रक्रियेच्या आधीची होती, बाई खाटेवर निश्चल पडून होती तेव्हाची.

प्रज्ञानं ते वाचून दाखवलं. यंत्रातून शब्द आले.

"अंगठा मी दिला न्हाई. माझा हात उचलून टेकवला."

दारात भामाबाई उभी होती. तिनं ऐकलं. ती आत गेली, आणि आतून भांडी घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. नंतर प्रज्ञाला कळलं, त्या कागदावर साक्षीदार म्हणून भामाबाईचाही अंगठा होता.

प्रज्ञानं पार्थला फोन केला. तो म्हणाला, "मॅम, प्लीज. हे आपल्या अभ्यासात बसत नाही. फॅमिली मॅटर आहे." ग्राझच्या तिच्या जुन्या प्रमुखांनीही ईमेलवर तेच लिहिलं, जरा अधिक सभ्य शब्दांत. प्रज्ञा दोन दिवस विचार करत होती. मग तिला वाटलं, आपण बाईला बोलतं केलं आणि ती काहीतरी बोलली. आता ते ऐकायचं नसेल तर हे सगळं केलं कशाला? तिनं एक वकील गाठला. चांगुणाबाईच्या नावानं दावा दाखल झाला.

त्या दिवसापासून कानिफनाथनं प्रज्ञाशी बोलणं सोडलं. गावात मात्र तो बोलत होता. पारावर म्हणाला, "तिला आमच्या जमिनीत काय घ्येनं? यंत्राच्या तोंडून तीच बोलती. आडनाव इचारा तिचं, म्हंजे कळंल." ते प्रज्ञापर्यंत पोचवणारी माणसंही गावात होतीच. ज्या घरी ती वर्षभर जेवली होती, तिथे आता तिला चहा मिळायचा तो कागदी कपात. भामाबाई तो तिच्या हातात न देता खिडकीत ठेवायची, नजर चुकवून.

तालुक्याच्या कोर्टात प्रज्ञाची साक्ष झाली. कानिफनाथचा वकील तयारीचा होता. त्यानं तिचा निबंध छापून आणला होता, ओळी पिवळ्या करून.

"मॅडम, हे आपणच लिहिलंय?"

"हो."

"यंत्राचे शंभरात दहा शब्द चुकतात?"

"साधारण तेवढे."

"मग ‘न्हाई’ हा शब्द त्या दहांतला नाही कशावरून?"

"मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलंय. प्रत्येक वेळी तेच उत्तर आलं."

"बरं. हा ‘न्हाई’ शब्द यंत्राला आधी येत होता?"

"नाही."

"कुणी शिकवला?"

"मी."

"म्हणजे यंत्र तुमचं, शब्द तुमचा, विचारणाऱ्या तुम्ही आणि ऐकणाऱ्याही तुम्हीच. मग यात चांगुणाबाई कुठं आल्या, मॅडम?"

कोर्टात कुणीतरी हसलं. प्रज्ञाला उत्तर येत होतं. ते नीट सांगायला तिला फळा, खडू आणि दोन तास लागले असते.

कोर्टानं मग एक वकील आयुक्त, म्हणजे कोर्ट कमिशनर, नेमला. त्यानं घरी जाऊन खुद्द बाईचं म्हणणं नोंदवायचं ठरलं. तो दिवस वाईट निघाला. आदल्या दिवसापासून चांगुणाबाईला ताप होता. प्रज्ञानं पुढची तारीख मागितली, कानिफनाथच्या वकिलानं हरकत घेतली. पुढच्या खोलीत आठ-दहा माणसं दाटीवाटीनं उभी राहिली. पंखा बंद ठेवावा लागला, कारण त्याची खरखर सिग्नलमध्ये यायची. चांगुणाबाईच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि भामाबाई तो पदरानं टिपत होती.

आयुक्तांनी विचारलं, "या कागदावर अंगठा तुम्ही स्वतःच्या मर्जीनं दिला का?"

मग आवाज आला. "अंगठी मी दिली न्हाई."

"अंगठी?" कानिफनाथचा वकील खोलीभर बघत म्हणाला. "आता अंगठी कुठून आली?"

माणसं हसली. प्रज्ञा म्हणाली, "पुन्हा विचारा. त्या दमल्यात. अंगठा म्हणायचंय त्यांना."

"बघा साहेब," वकील म्हणाला, "काय म्हणायचंय तेही मॅडमच सांगतात."

पुन्हा विचारलं. यंत्रातून नुसते तुकडे आले. माझा. वर. हात. प्रज्ञाच्या वकिलानं सुचवलं की डोळ्यांनी होय-नाही विचारा. आयुक्त पुढे वाकले. पण चांगुणाबाईनं तोवर डोळे मिटून घेतले होते. तापानं, की त्या हसण्यानं, कोण जाणे. आयुक्तांनी ‘जबाब होऊ शकला नाही’ असं लिहिलं आणि पुढची तारीख दिली.

ती तारीख आलीच नाही. त्याआधी कंपनी गेली.

पार्थचा फोन आला तेव्हा प्रज्ञा श्रीगोंद्याच्या खोलीवर होती. गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला होता. यंत्राचं मुख्य काम बंगळूरच्या सर्व्हरवरून चालायचं, तो महिनाअखेर बंद होणार होता.

"पार्थ, त्या बाईचा आवाज आहे तो. तुम्ही असा बंद कसा करू शकता?"

"मॅम, माझीसुद्धा नोकरी गेलीय."

"मला सगळा प्रोग्राम द्या. मी इथे एका कॉम्प्युटरवर चालवते."

"तो आता आपला नाही. अमेरिकेतल्या कंपनीनं सगळं विकत घेतलंय. पद्धत, प्रोग्राम, डेटा."

"डेटा म्हणजे चांगुणाबाईचं बोलणं?"

"डेटा म्हणजे सगळाच डेटा, मॅम."

म्हणजे शेळ्या कुठं हायती हे विकलं गेलं होतं. चहातली साखर, भामाबाईला दिलेल्या शिव्या, अंगठा मी दिला न्हाई, सगळं. ज्यांना त्यातला एक शब्द कळणार नव्हता, त्यांनी ते विकत घेतलं होतं. जिचं होतं तिला त्यातलं काही मिळणार नव्हतं.

चांगुणाबाईला सांगणं प्रज्ञालाच भाग होतं. तिनं खाटेशेजारी बसून सगळं सांगितलं, काही न लपवता. कंपनी म्हणजे काय, सर्व्हर म्हणजे काय, हेही सांगितलं. चांगुणाबाईनं ऐकून घेतलं.

"मंग मला उठावलं कशाला?" यंत्र म्हणालं.

प्रज्ञानं हात पुढे करून डोक्यावरच्या सॉकेटमधली वायर नीट बसवली.

"आता काढू नका," यंत्र पुढे म्हणालं. "डोक्यात ऱ्हाऊ द्या. कवातरी चालू व्हईल."

ठरलेल्या दिवशी दुपारी ते बंद पडलं. चांगुणाबाई काहीतरी सांगत होती. "आत्याबाई, त्या कपाटातली," एवढं आलं आणि पडद्यावरची रेघ सपाट झाली. कपाटातलं काय ते भामाबाईनं दिवसभर शोधलं. एकेक वस्तू काढून तिच्या डोळ्यांसमोर धरली. लुगडं, डबी, फोटो, जुना चष्मा. चांगुणाबाई प्रत्येक वेळी खाली बघत होती. शेवटी तिनं बघणंच सोडलं.

पुढचं सगळं भराभर झालं. बायको बोलू शकत नाही, हिंडू-फिरू शकत नाही, तेव्हा तिचा कायदेशीर पालक मला नेमा, असा अर्ज कानिफनाथनं वरच्या कोर्टात केला. कागदावर त्यात चुकीचं काही नव्हतं. नवराच होता तो. अर्ज मंजूर झाला. पालक म्हणून त्यानं पहिलं काम केलं ते बायकोनं त्याच्याविरुद्ध लावलेला दावा काढून घेण्याचं.

दुसरं काम डोक्यातल्या पट्टीचं. वापरात नसलेलं सॉकेट उघडं ठेवलं तर जंतू शिरतील, ते काढलंच पाहिजे असं रुग्णालयाचं म्हणणं पडलं. ते खोटं नव्हतं. प्रज्ञा समितीपुढे गेली. ती म्हणाली, "त्यांना विचारा. त्यांना ते राहू द्यायचंय. मी ‘काढू का’ विचारलंय, त्या खाली बघतात."

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "डोळ्यांच्या हालचालीचा निश्चित अर्थ लावणं अवघड आहे, डॉक्टर."

"बसवताना हेच डोळे चालले होते तुम्हाला. याच खोलीत त्याची नोंद झालीय."

"तेव्हा पतीचीही संमती होती. आताही पतीची आहे."

प्रज्ञा त्या खोलीतून बाहेर आली, तेव्हा तिला पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं, की चांगुणाबाईचा होकार त्यांनी कधी घेतलाच नव्हता. तो नवऱ्याच्या होकाराशी जुळला एवढंच.

पट्टी काढली. डोक्यावर टाके पडले, केस पुन्हा आले. प्रज्ञावर मात्र चौकशी बसली. संशोधकानं पेशंटच्या घरगुती भानगडीत पडून अभ्यासाचा निःपक्षपातीपणा घालवला, असा ठपका आला. शिक्षा अशी काही झाली नाही. फक्त त्यापुढे तिच्या अर्जांना उत्तरं येईनाशी झाली. पुण्यात, बंगळूरमध्ये, हैदराबादमध्ये. ग्राझच्या प्रमुखांनी बोलावलं, पण तोवर जालिंदर अंथरुणाला खिळले होते. तिनं कळवलं की येत नाही. जालिंदर चार महिन्यांनी गेले. त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं असतं तरी चाललं असतं. तिनं विचारलं नाही.

त्या अमेरिकन कंपनीनं पुढच्या वर्षी एका बाईला इंग्रजीत बोलतं केलं. सगळीकडे बातमी आली. प्रज्ञाच्या निबंधाचा उल्लेख त्यांच्या निबंधात खाली, बारीक अक्षरांत होता. चांगुणाबाईचं नाव तिथे नव्हतं. ‘पहिली सहभागी व्यक्ती’ एवढंच होतं.

प्रज्ञानं नगरला एका खाजगी मेडिकल कॉलेजात नोकरी धरली. पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवायचं. रक्तदाब कसा मोजायचा, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय का उडतो. मेंदू आणि संगणक यांच्या जोडणीवर पुस्तकात अर्धं पान आहे. ते ती वाचून दाखवते आणि पुढे जाते. मुलांना तिच्याबद्दल माहीत नाही. एकदा एका मुलीनं नेटवर तिचं नाव शोधून काढलं आणि वर्गात विचारलं, "मॅडम, ते तुम्हीच का?" प्रज्ञा म्हणाली, "परीक्षेला येत नाही ते."

काष्टीला ती जात राहिली. महिन्यातून एकदा, रविवारी, एसटीनं. पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहून तिनं एक पाटी केली होती. आपण एकेका अक्षरावर बोट ठेवायचं, हवं ते आलं की बाईनं वर बघायचं. फार हळू काम, पण त्याला वीज लागत नाही, सर्व्हर लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. खरं तर पहिल्या दिवसापासून हे करता आलं असतं. ते तिच्या मनात आलं तेव्हा ती एसटीत होती, आणि खिडकीबाहेर बघत तिनं स्वतःला कडक शब्दांत ऐकवलं.

दौंड रस्त्याकडेच्या जमिनीवर आता कुंपण आणि कमान होती. कानिफनाथनं नवीन घर बांधलं होतं, आणि खाट मागच्या खोलीत गेली होती. तो प्रज्ञाला अडवायचा नाही. आता अडवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. उलट, "बसा मॅडम," म्हणायचा.

पाटी समोर धरली की चांगुणाबाई डोळे मिटून घ्यायची. प्रज्ञा म्हणायची, "ताई, मी आहे. दोनच अक्षरं बघू." डोळे मिटलेले. ती बाजाराचं सांगायची, शेळ्यांचे भाव सांगायची, स्वतःच्या आईच्या गुडघ्यांचं सांगायची. डोळे मिटलेलेच. झोप नव्हती ती. पापण्यांच्या आत बुबुळं फिरत असायची.

असे सात-आठ रविवार गेले. एका रविवारी भामाबाई तिच्यामागून दारापर्यंत आली. म्हातारी पार वाकली होती. अजूनही सुनेचं सगळं तीच करत होती. अंग पुसणं, नळीतून पेज घालणं, कुशीवर वळवणं.

"बाई, एक बोलू का?" ती म्हणाली. "राग मानू नका."

"बोला की."

"तुमी येऊ नका आता. तुमी येऊन गेल्या की ती दोन-दोन दिस आत काय घेत न्हाई. पेज घातली की वकती. डोळ्याचं पानी खळत न्हाई. मग हळूहळू निवती. निवली की पुना तुमी येता."

प्रज्ञा उभी राहिली. तिच्या हातात ती पाटी होती.

"त्या कागदावर मी अंगठा केला, ते तुमास्नी ठावं हाय," भामाबाई म्हणाली. "ल्योक हाय माजा, काय करू? त्याचं पाप मी फेडते हितं रोज. पर तुमी तिला आशा दावता बाई. आशेचं मी काय करू? ती मला पुसता येत न्हाई."

प्रज्ञा आत परत गेली. खाटेजवळ उभी राहून म्हणाली, "ताई, मी यायचं बंद करू का?"

चांगुणाबाईनं डोळे उघडले. किती तरी महिन्यांनी तिनं प्रज्ञाकडे सरळ बघितलं. वर नाही, खाली नाही. नुसतं समोर, एकटक. त्या बघण्याचा अर्थ काय होता हे ओळखायला प्रज्ञाकडे आता काही साधन नव्हतं. थोड्या वेळानं डोळे मिटले.

प्रज्ञा बाहेर आली, चपला घातल्या. भामाबाईनं तिच्यासाठी चहा ठेवला होता, या वेळी कपबशीत. तो तिनं उभ्यानंच घेतला. मग काष्टीच्या फाट्यावर येऊन नगरची गाडी धरली. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला तिचं प्रात्यक्षिक होतं. मुलांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचा होता.